यादीतलं दुसरं नाव

पिराजी रोज सकाळी साडेआठला केबिनचं कुलूप काढायचा, चपला दाराबाहेर ठेवायचा आणि खुर्चीत टेकायच्या आधी, उभ्याउभ्याच, की-बोर्डवर तीन अक्षरं दाबायचा. डब्ल्यू, एच, ओ. सर्व्हरवर या घडीला कोण कोण आहे, असं विचारायची ती आज्ञा. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटायच्या. पहिली त्याच्या स्वतःच्या नावाची, दुसरी वीरभद्रच्या. दोन्ही नावं जागच्या जागी आहेत एवढं बघितलं की तो बसायचा, डबा टेबलाच्या खणात ठेवायचा आणि कामाला लागायचा.

वीरभद्र मात्र त्या केबिनमध्ये नव्हता. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीतली ती फाउंड्री सोडून तो बंगळूरला गेला, त्याला सहा महिने होत आले होते. दोन हजार पाचच्या पुरात वीज गेली तेव्हा सर्व्हर बंद ठेवावा लागला होता. पाणी ओसरल्यावर, ऑगस्टात, वीरभद्रनंच तो पुन्हा चालू केला आणि एकाच मॉनिटरवर बटणं दाबून पालटता येणाऱ्या दुसऱ्या पडद्यावर स्वतःच्या नावानं एक प्रोग्रॅम लावून दिला. सप्टेंबरात तो नोकरी सोडून गेला, पण त्या पडद्यावरून बाहेर पडायची आज्ञा द्यायची राहून गेली. यंत्राला माणूस उठून गेलेला कळत नाही. त्याच्या लेखी वीरभद्र अजून तिथंच बसलेला होता. सर्व्हर बंद होत नाही आणि तो प्रोग्रॅम कुणी थांबवत नाही, तोवर ते नाव यादीत राहणार होतं.

पिराजीला हे पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच वीरभद्र गेल्या दिवसापासून त्यानं सर्व्हर एकदाही बंद पडू दिला नव्हता. वीज गेली की यूपीएस, यूपीएसची शिट्टी वाजायला लागली की पळत जाऊन जनरेटर. संध्याकाळी घरी जाताना तो स्वतःही बाहेर पडायची आज्ञा देत नसे. नुसता मॉनिटर बंद करायचा. आपल्यामागं त्या यादीत एकटं कुणी राहू नये, एवढाच त्यामागं विचार. हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कुणी नव्हतं, हेही खरं.

पिराजी गडमुडशिंगीचा. चौऱ्याऐंशी साली तो या फाउंड्रीत हजेरी कारकून म्हणून लागला. फाटकाशेजारच्या खोलीत बसून कामगारांची कार्डं बघायची, कोण आला, कोण गेला, कोण अजून आत आहे, हे सांगायचं. तीनशे माणसांचे नंबर त्याला तोंडपाठ होते. पाळी सुटल्यावर एखादं कार्ड फाटकावरच्या खाचेतच राहिलं, तर तो स्वतः आत जाऊन त्या माणसाला हुडकून काढायचा. वाळूच्या ढिगाआड झोपलेले किती जण त्यानं उठवून घरी लावून दिले असतील. सत्त्याण्णवला कार्डं गेली आणि कॉम्प्युटर आला. बाकीचे कारकून बिचकले, पिराजी शिकला. दोन हजार तीनला सर्व्हर आला. त्याच वर्षी त्याची बायको बाळाबाई कावीळ होऊन गेली. मुलगी आधीच शिरोळला दिलेली. साच्यांच्या कोठीची एक खोली रिकामी करून, तिला एसी लावून, त्यात सर्व्हर ठेवला. त्या गार, बिनखिडकीच्या खोलीत दिवसभर बसायला कुणी तयार होईना. पिराजीनं हो म्हटलं. घरी तरी कोण वाट बघत होतं?

सर्व्हर बसवायला आलेला इंजिनियर म्हणजे वीरभद्र. गडहिंग्लजच्या पलीकडचा, सीमेवरचा. घरात निम्मं कन्नड, निम्मं मराठी. वय चोवीस. पन्नाशीच्या हजेरी कारकुनाला लिनक्स शिकवायचं म्हटल्यावर दुसऱ्या कुणी कपाळाला हात लावला असता. यानं खुर्ची ओढली आणि म्हणाला, काका, तुम्हाला तीनशे नंबर पाठ आहेत, या तर चाळीस आज्ञा आहेत. दोन वर्षं दोघं त्या बारा बाय दहाच्या खोलीत बसले. शिकवता शिकवता वीरभद्र पिराजीच्या डब्यातली भाकरी खायचा आणि स्वतःच्या डब्यातली शेंगाची पोळी पिराजीपुढं सरकवायचा.

बाहेर आलं की भट्टीवरचा फोरमन हंबीरराव दोघांची वाट अडवायचाच. हंबीररावच्या मिशा भट्टीच्या धगीनं टोकाला तांबूस झालेल्या होत्या. तो म्हणायचा, “काय रं गड्यांनो, फ्रीजमधनं भाईर काडलं व्हय तुमाला? नासशीला की.”

वीरभद्र गेल्यावरही हंबीरराव एकट्या पिराजीला तेच म्हणायचा. पण ‘तुला’ आणि ‘तुमाला’ यातला फरक पिराजीला रोज जाणवायचा.

दूध पिशवीतून गळावं तशी सर्व्हरवरची जागा गळते आहे, हे पिराजीच्या लक्षात आलं जानेवारीत. चाळीस जीबीची डिस्क. त्यावर कारखान्याची सगळी रेखाचित्रं, साच्यांची माहिती, हजेरी, पत्रं. डिस्क किती भरली हे तो सकाळ-संध्याकाळ एका वहीत टिपून ठेवायचा, हजेरीच्या काळातली सवय. वही मागं चाळली तेव्हा दिसलं की आठवड्याला दोन टक्के, न चुकता दोन टक्के, जागा जाते आहे. दिवाळीत पंचावन्न टक्के होती, जानेवारीच्या अखेरीला चौऱ्याऐंशी.

त्यानं शोध सुरू केला. डिस्कवर एकूण किती वापर आहे ते सांगणारी एक आज्ञा असते, आणि एकेका फोल्डरातल्या फायली मोजून बेरीज सांगणारी दुसरी. दोन्ही त्याला वीरभद्रनंच शिकवलेल्या. पहिली सांगायची, चौतीस जीबी वापरात आहेत. दुसरी सांगायची, फायली आहेत चौदा जीबीच्या. वीस जीबीचा पत्ता नाही. आपलंच काहीतरी चुकतंय असं समजून त्यानं बेरजा पुन्हा केल्या. फोल्डरामागून फोल्डर उघडून बघितलं. कपाट रिकामं दिसतंय आणि उचलायला गेलं तर हलत नाही, असा तो प्रकार होता. आपल्याला मोजता येत नाही, कुठंतरी कुणीतरी काहीतरी दडवलंय, असं त्यानं मनाशी धरलं.

मार्च उजाडला तेव्हा आकडा पंच्याण्णववर गेला होता. धाकटे मालक आदर्श यांनी एका शुक्रवारी बोलावून घेतलं. ते पुण्याला शिकून आलेले, आवाज कधी चढवत नसत. त्यांनी सांगितलं की पुण्याच्या एका कंपनीची माणसं मंगळवारी अकराला येणार आहेत. तोवर कारण सापडलं तर ठीक. नाहीतर ते हे मशीन बंद करतील, डिस्क पुसून सगळं नव्यानं बसवतील. पिराजीकाकांनी काळजी करू नये, त्यांची नोकरी कुठं जात नाही.

नोकरीची काळजी पिराजीला नव्हतीच. मशीन बंद करतील, एवढंच त्याच्या कानात राहिलं. बंद करून पुन्हा चालू केलं की यादी कोरी होणार. मग तो स्वतः आत जाईल, एक नाव उमटेल, आणि दुसरी ओळ कधीच यायची नाही.

त्या धास्तीत त्यानं शनिवारी करू नये ते केलं. ड्रॉइंग विभागात संयोगिता म्हणून मुलगी होती, मुरगूडची, डिसेंबरात लग्न झालेली. तिच्या फोल्डरात लग्नाचे फोटो होते, सहाशे एमबी. चहाच्या सुट्टीत, आठ-दहा जणांच्या देखत, पिराजी तिला म्हणाला की कारखान्याचं मशीन म्हणजे कुणाच्या घरचं कपाट नव्हे, अशानंच जागा संपते. संयोगिता कप ठेवून गेली आणि दहा मिनिटांत फोटो पुसले. याच मुलीनं त्याला लग्नाला दोनदा आठवण करून बोलावलं होतं. वीज जाईल, सर्व्हर बंद पडेल, म्हणून तो गेला नव्हता. दर शनिवारी ती त्याला तिळाची नाहीतर कारळ्याची चटणी आणून द्यायची, काकांना घरी करून घालायला कुणी नाही म्हणून. त्या शनिवारी चटणीची पुडी तिच्या पिशवीतच राहिली. आणि आकडा? संध्याकाळी तो थोडा खाली आला, रविवारी दिवसभर पुन्हा त्याच चालीनं वर चढत राहिला.

वसाहतीची आठवड्याची सुट्टी सोमवारी. सोमवारी भट्ट्या गार, वाळूचा धुरळा खाली बसलेला, सगळीकडं शुकशुकाट. फाटकावरचा वॉचमन आणि पिराजी, दोनच माणसं. वॉचमन म्हणाला, सुट्टीच्या दिवशी कशाला पाय मोडता. पिराजी केबिनकडं वळला. तो सोमवारीही येतो हे वॉचमनला ठाऊक होतं, पण विचारल्याशिवाय त्याला राहवत नसे.

दहा वाजता पिराजीनं आकडा टिपला. अकरा वाजता पुन्हा. पाच एमबी गेले होते. कारखान्यात कुणी नाही, ड्रॉइंगचे कॉम्प्युटर बंद, तरी पाच एमबी. त्यानं उठून सर्व्हरला बाहेरून येणारी नेटवर्कची वायरच उपसली. आता बाहेरचं कुणी आत येऊच शकत नव्हतं. तो खुर्चीवर हात गुंडाळून बसून राहिला. एसीची घरघर तेवढी चालू. बारा वाजता बघितलं. पुन्हा पाच.

म्हणजे बाहेरचं कुणी नाही. जो कोणी जागा खातोय तो आत, या खोलीतच आहे. पिराजीनं तीच तीन अक्षरं दाबली. दोन नावं. एक आपलं, आणि आपण काही खात नाही.

बराच वेळ तो त्या दुसऱ्या ओळीकडं बघत राहिला. मग त्यानं ऑल्ट आणि एफ-टू दाबून वीरभद्रचा पडदा समोर आणला. पडद्यावर एकच आकडा होता, भट्टीचं तापमान: एकतीस. भट्टीच्या पॅनेलपासून केबिनपर्यंत एक वायर आणि केबिनपासून हंबीररावच्या टेबलावरच्या जुन्या मॉनिटरपर्यंत दुसरी, अशी ती वीरभद्रची जोडणी होती. तापमान बघायला हंबीररावला दर पाच मिनिटांनी भट्टीला वळसा घालावा लागायचा, तो वळसा वाचावा म्हणून केलेली. प्रोग्रॅम नुसता आकडा दाखवतो, अशी पिराजीची समजूत होती.

केबिनच्या भिंतीवर, कॅलेंडरच्या मागं, बंगळूरचा नंबर पेन्सिलनं लिहिलेला होता. दिवाळीत एकदा त्यानं तो लावला होता. तेव्हा वीरभद्र बसमध्ये होता, आवाज तुटत होता, नंतर करतो म्हणाला होता. पिराजीनं मोबाइल काढला, नंबर लावला आणि वीरभद्रनं फोन उचलला.

जेवलास का, तिकडं भात चालतो का, आईचं गुडघ्याचं दुखणं कसं आहे, हे विचारून झालं. वीरभद्रनं उत्तरं दिली आणि म्हणाला की काका, दहा मिनिटांत मीटिंग आहे, काय झालंय ते सांगा. पिराजीनं सांगितलं. दोन आज्ञांचे दोन आकडे, मधली चोवीस जीबीची तफावत, सोमवारचे पाच-पाच एमबी.

“एकांदी मोटी फाइल उडवलीसा काय तुमी, मदी कवा?” वीरभद्रनं विचारलं.

पिराजीला खंडेनवमी आठवली.

खंडेनवमीला फाउंड्रीत सगळी यंत्रं बंद ठेवून पुजायची रीत होती, आणि त्याआधीचे दोन दिवस झाडलोटीचे. प्रत्येक खात्यानं काढलेलं भंगार काट्यावर वजन करून फाटकाजवळच्या फळ्यावर लिहायचं. मशीनशॉप इतके किलो, वाळूखातं इतके किलो. ज्याचं जास्त त्याला पूजेच्या वेळी पहिला नारळ. संगणक विभागासमोर दरवर्षी शून्य असायचं आणि दरवर्षी हंबीरराव ते मोठ्यानं वाचून दाखवायचा. वीरभद्र होता तेव्हा दोघं मिळून हसायचे. तो गेल्यानंतरच्या पहिल्या खंडेनवमीला पिराजीला ते शून्य एकट्यानं बघायचं जिवावर आलं. म्हणून त्यानं सर्व्हर झाडला. वीरभद्रच्या फोल्डराला तो एरवी हात लावत नसे, पण त्यात एक सात जीबीची फाइल होती. तिची शेपटी, म्हणजे शेवटच्या काही ओळी, उघडून बघितली तर नुसते आकडे, ओळीवर ओळी. कचरा, असं समजून त्यानं ती पुसली, आणि फळ्यावर खडूनं लिहिलं: संगणक विभाग, सात जीबी. हंबीररावनं विचारलं होतं, जीबी म्हंजे किती किलो रं? सगळी हसली. पिराजीपण हसला. मग सगळ्यांची यंत्रं बंद, एकट्याचा सर्व्हर चालू, अशा अवस्थेत त्यानं सर्व्हरच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावलं आणि वर झेंडूचं एक फूल ठेवलं. पुसलेली जागा मोकळी झाली का, हे बघायचं त्याच्या मनातही आलं नाही. झाडून झाल्यावर फरशी कोण मोजतं?

त्यानं हे सगळं फोनवर सांगितलं नाही. एवढंच म्हणाला, “उडवली हुती. तुज्या फोल्डरातली.”

वीरभद्र हसला. “काका, पुसली म्हंजे निस्तं नाव पुसलं. ज्या प्रोग्रॅमनं ती फाइल उगडून धरलीया त्यो धरूनच बसतोय. लिवत बी ऱ्हातोय. त्यो सोडत न्हाय तवर जागा मोकळी हुत न्हाय.”

मग त्यानं एक आज्ञा सांगितली, उघड्या फायलींची यादी दाखवणारी. पिराजीनं कानाखांद्यात फोन धरून ती टाइप केली. यादीच्या मधोमध ती ओळ होती. फायलीच्या नावापुढं ‘डिलीटेड’ असा शेरा, आकार चोवीस जीबी, आणि धरणाऱ्याच्या जागी वीरभद्रचं नाव. सेकंदाला पंधरा-वीस ओळी लिहीत, भट्टी गरम असो की गार, सुट्टी असो की पाळी, ऑगस्टापासून ते नाव काम करत होतं.

“कोण धरलंय?” वीरभद्रनं विचारलं.

“तूच की.”

“मी? थांबा थांबा... ते भट्टीचं? ते अजून चालू हाय व्हय?” वीरभद्रला खरंच आश्चर्य वाटलं होतं. “मला वाटलं तुमी कवाच बंद केलं असंल. मारून टाका की ते.”

“मग तुजं नाव जातंय यादीतनं,” पिराजी म्हणाला. बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्याला कळलं, पण शब्द परत घेता येत नव्हते.

“जाऊ दे की काका. मी काय तितं परत येऊन बसणाराय व्हय?”

पलीकडून कुणीतरी त्याला इंग्रजीत हाक मारली. मग वीरभद्रनं भराभर सांगितलं: प्रोग्रॅम पुन्हा तुमच्या नावानं लावा, फाइल लिहायची ओळ तेवढी काढून टाका, आणि मागं सोडून द्यायची आज्ञा वापरा, म्हणजे तो आपला आपण चालतो, की-बोर्डपाशी कुणाचं बसणं लागत नाही. मारायच्या आधी त्या फायलीत डोकवायचं असेल तर तेही करता येतं, कसं तेही सांगितलं. हंबीरदादाला विचारलं म्हणून सांगा, म्हणाला. आणि फोन बंद झाला.

पिराजीनं डबा काढला. भाकरी, मेथी, लसणीची चटणी, ती त्यानं स्वतः कुटलेली, मीठ जास्त झालेलं. निम्मी भाकरी खाऊन त्यानं डबा बंद केला. वॉचमन एकदा दारात डोकावून गेला. अजून न्हाय व्हय झालं, असं विचारून, उत्तराची वाट न बघता. बाहेर उन्हानं पत्रे तडतडत होते. आता आत जाऊन हुडकून काढायचा तो माणूस आत नाहीच, हे पिराजीला दिसत होतं. त्याचं कार्ड तेवढं खाचेत राहिलं होतं, आणि हजेरी कारकुनाला असं कार्ड ठेवून चालत नाही.

तरी त्यानं चार वाजेपर्यंत हात लावला नाही. मग, मारायच्या आधी, त्या बिननावाच्या फायलीचं तोंड उघडून बघितलं. खंडेनवमीला त्यानं शेपटी बघितली होती; तोंड बघायचं राहिलं होतं. पहिली ओळ आकड्यांची नव्हती. इंग्रजी अक्षरांत मराठी, वीरभद्रची सवय होती तशी. चाचणी एक. काका चहाला गेलेत. हंबीरदादाच्या मिशीचं तापमान मोजतोय. त्याखाली पहिला आकडा, एकोणतीस, आणि मग खाली आकडेच आकडे.

पिराजीला हसू फुटलं. एकट्या माणसाचं हसू बिनखिडकीच्या खोलीत फार मोठं वाटतं. त्यानं हसत हसत मागं वळून बघितलं, आणि मग पुन्हा पडद्याकडं बघितलं. टिपणाच्या वहीत त्या दिवसाच्या आकड्यांखाली त्यानं ती ओळ मराठीत उतरून घेतली. त्यानंतर प्रोग्रॅमचा नंबर टाइप केला, मारायची आज्ञा दिली, आणि वीरभद्रच्या पडद्यावर जाऊन त्याच्या वतीनं बाहेर पडायची आज्ञाही दिली.

डिस्कचा आकडा पंच्याण्णववरून एका झटक्यात पस्तीसवर आला. सहा आठवड्यांचा शोध एवढ्यात संपला. उपसलेली वायर त्यानं परत खोचली आणि तीन अक्षरं दाबली. एक ओळ उमटली.

मंगळवारी सकाळी भट्टी तापली आणि हंबीररावच्या मॉनिटरवर आकडा चढू लागला. प्रोग्रॅम आता पिराजीच्या नावानं चालतो, हे हंबीररावला कळायचं कारण नव्हतं. आदर्शनी कारण ऐकून घेतलं, चूक आपलीच होती हेही ऐकून घेतलं, बरं म्हणाले आणि पुण्याच्या माणसांना येऊ नका म्हणून फोन केला. मग पिराजी ड्रॉइंग विभागात गेला. आठ-दहा जण तिथंही होते. त्यांच्या देखत त्यानं संयोगिताला सांगितलं की जागा मी खात होतो, तुझ्या फोटोंनी काही झालं नव्हतं, पोरी, चुकलो.

ती खाली बघून म्हणाली, राहू दे काका. मग पर्समधून सीडी काढली. फोटो त्या सीडीवर होतेच. पिराजी म्हणाला, ठेव परत सर्व्हरवर, जागा आहे. ती म्हणाली, “तुमी बगितलासा तरी कुटं? बसा.” आणि तिनं खुर्ची सरकवली.

फोटो पुढं सरकत होते. मुहूर्तमेढ, हळद, अक्षता, जेवणाच्या पंगती. फाउंड्रीची माणसं एका पंगतीत ओळीनं बसलेली. हंबीररावच्या मिशा. त्याच्या शेजारी, थोडा सुटलेला, निळा शर्ट घातलेला, हातातला जिलेबीचा तुकडा कॅमेऱ्याला दाखवणारा वीरभद्र.

संयोगिताचा हात माउसवर थांबला. ती म्हणाली, “आलता त्यो. सकाळी आला, सांजच्याला गेला. तुमाला भेटायचं म्हणत हुता, काका. पर गाडी हुती त्येची.”

“असंल की,” पिराजी म्हणाला. लग्नाच्या हॉलपासून फाउंड्री बसनं अर्ध्या तासावर होती. त्या दिवशी, शनिवारी, वीज दोनदा गेली होती, आणि वीरभद्रचं नाव जाऊ नये म्हणून दोन्ही वेळा तो जनरेटरकडं पळाला होता. त्यानं तो फोटो पुरता बघितला आणि म्हणाला, “पुढं घे.”

सगळे फोटो बघून तो उठला तेव्हा तिनं शनिवारची चटणीची पुडी त्याच्या हातात दिली. कारळ्याची होती.

संध्याकाळी साडेपाचला भोंगा झाला. पिराजीनं वहीत आकडा टिपला: पस्तीस टक्के, सकाळीही पस्तीसच. प्रोग्रॅम मागं आपला आपण चालला होता, हंबीररावचा आकडा दिसत होता. पुडी डब्यात घातली. मॉनिटरच्या बटणाकडं गेलेला हात त्यानं मागं घेतला आणि की-बोर्डवर चार अक्षरांची आज्ञा टाइप केली, बाहेर पडायची. सहा महिन्यांत पहिल्यांदा पडद्यावर नुसती नाव विचारणारी ओळ आली आणि तिच्यापुढं चौकट लुकलुकत राहिली.

मग त्यानं मॉनिटर बंद केला, चपला घातल्या, केबिनला कुलूप लावलं आणि गडमुडशिंगीची गाडी धरायला फाटकाकडं निघाला. वाटेत हंबीरराव हात धूत उभा होता. वीरभद्रनं विचारलंय, असं पिराजीनं त्याला सांगितलं. हंबीररावनं ओल्या हातांनी मिशी पुसली आणि विचारलं, कवा येणार म्हणाला. पिराजी म्हणाला, येत न्हाय त्यो आता, आणि चालत राहिला.